एक वाक्य माझं, एक तिचं

आमच्या दोनशिक्षकी शाळेत वाचनाची एक रीत मी लावून दिली आहे. दोघांत एक पुस्तक. एक वाक्य एकाने वाचायचं, पुढचं दुसऱ्याने. आपली पाळी नसेल तेव्हा वाक्याखालून बोट फिरवत ऐकायचं. एकटं पोर पुस्तकावर डुलक्या काढतं, जोडीतलं काढत नाही, हा माझा अनुभव. बाकी नव्या पद्धती पुष्कळ पाहिल्या. नव्याचे नऊ दिवस.

त्यातलीच एक फोनमधून आली. मुलाने छापील परिच्छेद मोठ्याने वाचायचा, फोनने ऐकायचा, आणि पोराला नुसते शब्द वाचता येतात की सगळा परिच्छेद, ते फोनने सांगायचं. दिग्रसच्या प्रशिक्षणात साहेब म्हणाले, मॅडम, आता तुमच्या कानांना आराम. माझे कान अजून शाबूत आहेत, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

चौथीतल्या एका मुलीला त्या फोनने 'शब्द' या पातळीवर बसवलं. खरं तर वर्गात तिच्याइतकं चांगलं वाचणारं दुसरं कोणी नाही. तिची बहीण वर्षाने धाकटी, पण दोघी एकाच वर्गात, एकाच पुस्तकावर. पावसाळ्यात धाकटी तापाने गेली. तेव्हापासून मोठी एकटीच पुस्तक घेऊन बसायची. तिला दुसरी जोडी लावून देणं माझ्याच्याने होईना.

निकाल ऐकून तिचा बाप शाळेत आला. एक लेकरू गमावलेला माणूस, त्याच्याशी काय भांडणार? तो शांतपणे म्हणाला, "वाचताच येत नसन तं शाळेत कायले पाठवू, मॅडम? तिच्या मायसंग कापूस वेचाले तरी जाईन."

मी म्हटलं, एकदा पुन्हा तपासते, मग ठरवा. वेचणी तोंडावर आली होती. एकदा वावरात गेलेली पोरगी वर्गात किती परत येते, ते मला चांगलं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांना बाहेर काढलं, फोन चटईवर ठेवला आणि तिच्यासमोर बसले. पहिलं वाक्य तिने खणखणीत वाचलं. मग गप्प. बऱ्याच वेळाने तिसरं वाक्य वाचलं, तितकंच स्वच्छ, आणि पुन्हा गप्प. रागवायला मी मान वर केली, तेव्हा तिचं बोट दिसलं. ते थांबलं नव्हतं. चौथ्या वाक्याखालून ते एकेका शब्दाला सरकत होतं, कोणी वाचत असल्यासारखं. धाकटी डावीकडे बसायची. तिकडे तिने कान दिला होता. भर दुपारी, बाहेर पोरांचा कल्ला चालू असताना, मला चटईच्या त्या रिकाम्या जागेकडे बघवेना.

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, बेटा, सगळी वाक्यं तूच वाच, त्याशिवाय फोनला कळत नाही.

ती म्हणाली, "तिचे वाक्य म्याच वाचले तं मंग लहानी काय वाचीन?"

यावर काय बोलायचं ते डी.एड.ला शिकवत नाहीत. डोळे लपवायला मी फोन उचलला आणि उगाच चाळत बसले. वर्गाच्या नावांत धाकटीचं नाव अजून होतं. हजेरीतून मी ते काढलं होतं, इथून काढायचं राहून गेलं होतं. नावापुढे लिहिलं होतं: वाचन बाकी. मी ते मोठीला दाखवलं. म्हटलं, तिचा परिच्छेद वेगळा ठेवलेला आहे, तो दुसरं कोणी वाचणार नाही. हा सगळा तुझा.

ती त्या नावाकडे पाहत राहिली. मग कागद घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही वाक्य न सोडता वाचत गेली. फोनने 'परिच्छेद' दाखवलं. संध्याकाळी मी स्वतः घरी जाऊन तिच्या बापाला ते दाखवलं, आणि पोरगी शाळेत राहिली.

पुढे वरून निरोप आला, शाळेत नसलेल्या मुलांची नावं फोनमधून काढून टाका. बाकीची मी काढली. हे एक ठेवलं. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, मुलगी गैरहजर आहे.

अजूनही सोमवारी फोन वाजतो: एका विद्यार्थ्याचं वाचन बाकी आहे. मोठी पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे बघते. मी मान हलवते, आहे म्हणून. मग ती पुढचं वाक्य वाचते.