चांदोलीच्या जंगलात मातीचा श्वास मोजताना

नोव्हेंबरात स्नेहलचा फोन आला. "चांदोलीत काम सुरू आहे, दोन दिवस ये. मदतनीस म्हणून परवानगीत तुझं नाव घातलंय." मी लगेच हो म्हणाले आणि दिवसभर धुमसत राहिले.

एम.एस्सी.ला आम्ही एकाच बाकावर होतो. अंदमानातल्या एका राखीव जंगलात झाडं आणि माती किती कार्बन घेतात, किती सोडतात हे मोजायचं काम निघालं, तेव्हा मुलाखतीला दोघी गेलो. निवड तिची झाली. मी रहिमतपूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. तिचे बेटावरचे फोटो बघून मी मोबाईल उलटा ठेवायचे. तेच मोजमाप आता ती चांदोलीत करत होती.

शनिवारी सकाळी निघाले. मसूरवरून कराड, तिथं स्टँडसमोर पोहे-चहा, पुढे उंडाळे, शेडगेवाडी, कोकरूड, आरळा. पेट्रोल कराडलाच भरून घ्या. कोकरूडच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत जावं लागतं, त्यामुळे तासभर जास्तीचा धरा. गेटवर ओळखपत्र दाखवायचं, शुल्क भरायचं आणि वाटाड्या घ्यायचा. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. प्रयोगाच्या जागी मात्र पर्यटकांना सोडत नाहीत.

आत शिरताच ओल्या पाचोळ्याचा वास आला. ऊन वरच अडकलेलं. सोबतीला ज्ञानूमामा, तिथले जुने वनमजूर. चालता चालता त्यांनी विचारलं, "बाई, तुमी बी ह्येच शिकलायसा न्हवं?"

"हो."

"मग ह्या बाई गेल्या त्या बेटावर तुमी का न्हाई गेलासा?"

स्नेहल पुढं होती. ऐकूनही तिनं मागं पाहिलं नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. जमिनीत प्लॅस्टिकचं कडं रोवलेलं असतं, त्यावर झाकण घट्ट बसवायचं. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड आत साठतो आणि यंत्रावरचा आकडा चढत जातो. इथं तो फारच हळू चढत होता. पाचोळा बाजूला करायला मी वाकले, तर झाकणाखालचं रबर फाटलेलं. हवा तिथून निसटत होती. एम.एस्सी.ला उसाच्या रानात मी हीच मोजणी केली होती, म्हणून माझ्या लगेच लक्षात आलं. स्नेहल वहीत आकडे लिहीत होती.

मी काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, आतून बरं वाटलं. पुढच्या चार जागांवर मीच ते झाकण बसवलं.

दुपारी ओढ्याकाठी भाकरी आणि झुणका खाल्ला. स्नेहलनं तिच्या वाटणीचा ठेचा माझ्याकडं सरकवला. "सोमवारी हे सगळं पुण्याला पाठवायचं," ती म्हणाली. "इथली माती फार कमी सोडते असं दिसतंय. आमचे प्रकल्पाचे सर खूश आहेत. मला मात्र पटत नाही, आणि चूक कुठं आहे ते सापडत नाहीये. झोप लागत नाही गं."

मी भाकरी खाली ठेवली.

"झाकणाचं रबर फाटलंय," मी म्हणाले.

तिनं उठून झाकण उलटं केलं आणि फटीवरून बोट फिरवलं. "कधी बघितलंस?"

"सकाळी. पहिल्याच जागेवर."

ज्ञानूमामा डबे धुवायला ओढ्यात उतरले. "तीन आठवड्यांचं काम गेलं," स्नेहल म्हणाली. मग पिशवीतून नवं रबर काढलं. "धर इकडून."

या वेळी आकडा सरसर वर गेला. रविवारी आम्ही सगळ्या जागा पुन्हा मोजल्या. आकड्यांपलीकडं ती एक शब्दही बोलली नाही. निघताना मी माफी मागितली. "मला राग आलाय," ती म्हणाली. "पण सोमवारी आकडे पाठवल्यावर कळलं असतं तर मी संपले असते."

चांदोलीला जरूर जा. मोकळ्या मनानं गेलात तर माझ्यापेक्षा जास्त बघाल. दोन दिवसांत मी एक पक्षीही धड पाहिला नाही.

गुरुवारी तिनं नवे आकडे पाठवले. मोजणी करणाऱ्यांत वर तिचं नाव, खाली माझं. आधी मी तेच पाहिलं, कोण वर आणि कोण खाली. आकडे त्यानंतर वाचले. ते बरोबर होते.