पहिला उद्गार

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज मेलबर्नमध्ये उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे आहे आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नाही.

मुलाकडे कायमचा यायला निघालो, तेव्हा सांगलीच्या स्टँडवर धाकटा भाऊ शांतवन आला होता. स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात अडकवत म्हणाला, "दादा, तिकडं थंडी लय हाय म्हणं. आता गोऱ्यांना उपदेश करणार व्हय?" मी हसलो. सांगायचं होतं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. तेवढ्यात गाडी लागली.

सांगलीजवळ माधवनगरच्या आमच्या चर्चमध्ये या दिवशी बारा ते तीन उपासना असते. प्रभूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा, आणि तो वर्षानुवर्षं माझा. एका वर्षी पाळकसाहेबांनी तो शांतवनला दिला. गिरणीतला माणूस, नुकतीच दारू सोडलेला. पण प्रार्थना करू लागला की बायका पदराने डोळे पुसायच्या. मला ते सोसलं नाही. त्याला म्हणालो, "चर्चचे पंच नको म्हणत्यात रं. पिणाऱ्याच्या तोंडी प्रभूचा शब्द नको, म्हणाले." आणि पाळकसाहेबांना सांगितलं, शांतवनच तयार नाही.

त्या शुक्रवारी क्षमेवर मीच बोललो. शांतवन फाटकाबाहेर उभा होता, उपासना संपेपर्यंत. पुढे दरवर्षी तसाच. आत कधी आला नाही. लोक म्हणाले, याने देव सोडला. मी त्यांना तसंच समजू दिलं.

इथली उपासना तासाभरात आटपते. मग कॉफी, मनुका घातलेले गोड पाव, पार्किंगमधल्या गप्पा. माझ्या येरझाऱ्या बघून नातू म्हणतो, "आजोबा, रिलॅक्स!"

प्रभूने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, कारण ते अजाण होते, असं मी इतकी वर्षं शिकवलं. मी अजाण नव्हतो. मी स्वतःला वधस्तंभापाशी रडणाऱ्यांत धरत होतो. हातोडा तर माझ्याच हातात होता. त्या रक्ताने माझंही पाप धुतलं, यावर माझा विश्वास आहे. पण तोच विश्वास मला स्वस्थ बसू देत नाही, पुन्हा पुन्हा शांतवनकडे ढकलतो. वडील म्हणायचे, "वधस्तंभाम्होरं जाताना हात रिकामं ठिवा." माझे कधी झाले नाहीत.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शांतवन विचारायचा, "दादा, जेवलास का?" मी हवापाणी सांगायचो. गेल्या नाताळानंतर तो वारला. चर्चला न येणारा म्हणून त्याची शवपेटी चर्चमध्ये नेली नाही, घरूनच दफनभूमीत नेली. मी ते मोबाईलवर पाहिलं.

माधवनगरकरांनो, त्याने देव सोडला नव्हता. मीच त्याला बाहेर ठेवलं.

इथे संध्याकाळ होतेय, म्हणजे तिकडे बारा वाजले असतील. घर म्हटलं की आता मला फक्त ते फाटक दिसतं. शांतू, पंचांनी नको म्हटलंच नव्हतं रं. मी म्हटलं. पहिला उद्गार तुझा होता. मला क्षमा कर.