डब्यावरची शाल

मुलांनो, तुम्ही पाठवलेला, हाक मारली की उत्तर देणारा तो बोलणारा डबा मी दिवाणखान्यात ठेवला आहे. काल शेजारच्या सुनंदाबाई आल्या. सुनेचं गाऱ्हाणं सुरू करण्याआधी त्यांनी आपली शाल डब्यावर टाकली. म्हणाल्या, "ऐकतो हो मेला!"

मला एकदम तो रशियन पाहुणा आठवला. तुमचे आजोबा कॉलेजात शिकवत असताना, सोव्हिएत लेखकांच्या शिष्टमंडळातून तो आमच्याकडे चहाला आला होता. तो मोठा समीक्षक, एका मासिकाचा संपादक. त्याच्या एका लेखाने कवी वर येई, नाहीतर कायमचा बुडे. बसल्याबसल्या त्याने आमच्या टेलिफोनवर उशी ठेवली आणि हळूच इंग्रजीत म्हणाला, "एका कवीला मी लेख लिहून संपवलं. त्याची कविता मला पाठ आहे." मग ती त्याने रशियनमध्ये म्हणून दाखवली.

आजोबा मराठीत पुटपुटले, "हा आपल्याला चाचपतोय. हूं की चूं करू नकोस."

खरंच, परक्या घरी असं कोण बोलतं? मी मुकाट्याने त्याचा कप पुन्हा भरला. तो थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग उशी उचलून त्याने खणखणीत आवाजात माझ्या चहाची स्तुती केली.

तो आम्हाला जोखत होता, की ती कविता त्याला कुठेतरी ठेवून जायची होती? मला अजून ठरवता येत नाही.

काल सुनंदाबाई बोलत होत्या आणि माझ्या मनात येत होतं, हे सगळं मलाच का सांगतात? मी हूं म्हटलं नाही. त्या थांबल्या, शाल उचलली आणि मोठ्याने म्हणाल्या, "चहा मात्र छान झाला होता हो!"