माईची कॅनव्हासची खोली

जयूताई मोघे उज्जैनच्या माधव नगरात आमच्या समोर राहतात. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिवणकाम शिकवलं. फ्रीगंजमधल्या निम्म्या ब्लाउजवाल्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या, त्यामुळे बाजारात त्यांना धड चालता येत नाही. कुणी ना कुणी "मॅडम, नमस्ते" म्हणून अडवतंच. त्यांनी लग्न केलं नाही. वडील रेल्वेत होते, ते लवकर गेले. धाकटा भाऊ सौमित्र शिकून पुण्याला गेला, तिथलाच झाला. घरात उरल्या जयूताई आणि त्यांची आई. आईला सगळी गल्ली माई म्हणायची.

माईंचं विसरणं सुरू झालं ते कपड्यांवरून. एक दिवस त्या छान घडी घातलेल्या साड्या घेऊन माझ्या दारात उभ्या. "प्रतिभा, तुमच्या साड्या आमच्या दोरीवर वाळत होत्या गं." साड्या जयूताईंच्या होत्या. मी हसून ठेवून घेतल्या आणि संध्याकाळी परत दिल्या. पुढे हे रोजचं झालं, तेव्हा हसणं थांबलं.

मग "घरी चल" सुरू झालं. ऊन उतरलं की माई पिशवी भरायच्या, चपला घालायच्या आणि म्हणायच्या, "चल, आता घरी जाऊ. फार बसलो लोकांकडे." जयूताई त्यांना आपल्या व्हॅनमध्ये बसवायच्या, कोठी रोडनं एक चक्कर मारून आणायच्या आणि फाटकापाशी म्हणायच्या, "आलं बघ घर!" बरेच महिने हे चाललं. माई खुशीत उतरायच्या. मग एका संध्याकाळी उतरल्याच नाहीत. फाटकाकडे बघून म्हणाल्या, "हे नाही आपलं. हे त्या शिवणवाल्या बाईंचं आहे."

जयूताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या शांतपणे मेथी निवडत होत्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "गाडीत बसली की शांत असते बघ. घरात आली की घाबरते. पाहुण्यांकडे नेलं तर नुसती ओरडते. आता हिला गाडीतच घर करून द्यायचं. जिथे जाईल तिथे खोली तीच."

मला वाटलं, बोलण्याची गोष्ट आहे. पण त्यांनी व्हॅन विकली आणि मागे उघडा हौदा असलेला जुना छोटा टेम्पो घेतला, ज्याला आमच्याकडे सगळे छोटा हाथी म्हणतात. त्या हौद्यात बसेल अशी खोली करायची होती: एक पलंग, एक खिडकी, एक दार. चौघांनी उचलून खाली अंगणात ठेवता आली पाहिजे, म्हणजे हलकी हवी. लाकडाची जमणार नाही, पत्र्याची तापणार. म्हणून उन्हासाठी गच्चीवर घालतात त्या फोमच्या जाड पाट्या आणल्या. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा ते प्रकरण बर्फाच्या मोठ्या पेटीसारखं दिसत होतं. फोम नुसतं बोट दाबलं तरी खचतो, म्हणून वरून कॅनव्हास चिकटवून रंगाचे थर द्यायचे होते, की सगळं मिळून एक टणक साल होतं. मी फोनवर शोधून दिलेल्या व्हिडिओत कुणी परदेशी माणसानं तसं केलेलं होतं.

जयूताईंनी व्हिडिओ पुरता पाहिलाच नाही. "कापडाचं काम आहे ना, मग मला काय शिकवतोय तो," म्हणाल्या. माप घेतलं, कॅनव्हास कापला आणि मशीनवर गादीच्या खोळीसारखी अख्खी खोळ शिवली. शिवण अशी सुरेख की बघत राहावं. खोळ वरून ओढून घातली, चिकटवली, रंग दिला. वाळल्यावर पाइपनं पाणी मारलं आणि आत जाऊन बघितलं, तर प्रत्येक कोपऱ्यातून पाणी पाझरत होतं. सुईनं जिथे जिथे भोक पाडलं होतं तिथे तिथे थेंब. शिवणी कोपऱ्यांवर वरंब्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या बाजूला रंग पोचलाच नव्हता, आणि आत हवा राहून कापड सुटायला लागलं होतं.

जयूताई बराच वेळ आत बसून होत्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "आयुष्यभर हेच केलं मी, प्रतिभा. कड दुमड, शिवण घाल, धागा लपव. इथे नेमकं तेच चालत नाही."

मग आम्ही दोघींनी बसून तो व्हिडिओ नीट पाहिला. खोळ सोलून काढली. नवा कॅनव्हास आणला, धुऊन आटवून इस्त्री केला. या खेपेला सुई नव्हतीच. सुताराचा पांढरा फेविकॉल पाणी घालून पातळ करायचा, फोमला लावायचा आणि कापड त्यात बसवायचं. आधी बाजूच्या भिंती, त्यांचं कापड चार बोटं वर छतावर वळवायचं. छताचं कापड शेवटी, आणि ते भिंतींवर खाली उतरवायचं, म्हणजे कौलांवरून जावं तसं पाणी जोडावरून वाहून जातं, जोडाच्या आत शिरत नाही. जोड कोपऱ्यावर यायलाच नको, कोपरा ओलांडून सपाटीवर. आणि कापडाची कड कात्रीनं कापायची नाही, हातानं फाडायची. फाडलेल्या कडेचे धागे मोकळे पडतात, रंगात विरघळल्यासारखे बसतात, वाळून घासलं की जोड हाताला लागत नाही.

फाडताना जयूताईंचा हात सवयीनं कात्रीकडे जायचा. "मुलींनी अशी कड ठेवली असती तर पट्टी मारली असती मी," म्हणायच्या.

माई रोज तिथे खुर्चीवर बसलेल्या असत. एक दिवस त्या उठल्या आणि ओल्या कापडावर तळवा ठेवला. मधून बाहेर, मधून बाहेर, पलंगावरची चादर सारखी करावी तसा हात फिरवायला लागल्या. आत अडकलेली हवा कडेनं निघून जायची. जयूताई बाजूला झाल्या. त्या दिवसापासून ते काम माईंचं झालं. संध्याकाळ व्हायची, पण पिशवी भरली जायची नाही. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आम्ही त्या घरात पुन्हा हसणं ऐकलं.

छताचा कोपरा मात्र जमेना. तीन बाजूंचं कापड तिथे एकत्र येतं आणि चुण्या पडतात. जयूताई काढत होत्या, लावत होत्या. माईंनी कात्री मागितली. कापडाला कोपऱ्यापाशी दोन चिरा दिल्या, मधली जीभ आत दाबली आणि दोन्ही बाजू एकीवर एक चापून बसवल्या.

"कुठे शिकलीस गं माई हे?" जयूताईंनी विचारलं.

"यात काय शिकायचं? पुस्तकांना कव्हरं घालते ना मी, शाळा सुरू झाली की. सौमित्रचं वर्षभर टिकतं. जयू फार धसमुसळी, महिन्यात फाडून आणते."

जयूताईंनी विचारलं, "कुठे आहे जयू?"

"शाळेत गेलीये. येईलच आता." माईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमचा हात चांगला आहे हं बाई. तुम्हाला मुलं किती?"

"नाहीत," जयूताई म्हणाल्या. आणि खुर्ची सावलीकडे ओढून, "तुम्ही जरा सावलीत बसा, दमला असाल." त्यांनी स्वतःच्या आईला 'तुम्ही' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे तेच राहिलं.

रंगाचे थर वाळल्यावर पुन्हा पाणी मारलं, तर आत एक थेंब नाही. दिवाळीला सौमित्र आला. अंगणातली पांढरी खोली बघून तो आधी हसला, मग चिडला. "ताई, हा काय पोरखेळ आहे? इंदूरला चांगली जागा बघितलीये मी. नर्स असतात, डॉक्टर असतात. तू पण सुटशील."

"मी अडकलेय असं कोण म्हणालं?"

"मी म्हणतोय. आरशात बघ स्वतःला एकदा."

"तिला एकदा धारला नेऊन आणते," जयूताई म्हणाल्या. "तिचं माहेर. कदाचित तेच घर मागत असेल. मग तू म्हणशील तसं."

सौमित्र परत गेला आणि पुढच्या रविवारी आम्ही निघालो. खोली हौद्यात बांधलेली, पुढे जयूताई गाडी चालवताहेत, मध्ये माई, कडेला मी. रस्ताभर माई खूश होत्या, दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या. धारमध्ये माहेरच्या जागी तीन मजली दुकान झालेलं निघालं, तळाला मोबाइलवाला. पण समोरचं दत्ताचं मंदिर तसंच होतं, विहीर होती. जयूताईंनी त्यांना हात धरून सगळं दाखवलं. "इथे तुम्ही खेळायचात. आठवतं?" माईंनी पाहुण्यांच्या गावात पाहावं तसं सभ्यपणे पाहिलं. मग त्या कंटाळल्या. "झालं ना बघून? चला, घरी जाऊ."

आणि त्या स्वतः टेम्पोच्या मागे गेल्या. स्टुलावर पाय ठेवून खोलीत चढल्या, पलंगावर बसल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हं. आलं बाई घर एकदाचं."

जयूताईंनी माझा दंड धरला. त्यांना आनंद झाला होता की काय झालं होतं, मला कळलं नाही.

उज्जैनला परत आल्यावर माई खोलीतून उतरेनात. शेवटी गल्लीतल्या माणसांना बोलावून खोली माईंसकट खाली उतरवली आणि अंगणात लिंबाखाली ठेवली. तो हिवाळा माई तिथेच राहिल्या. आंघोळीपुरत्या घरात यायच्या, 'शिवणवाल्या बाईंकडे' पाहुणी आल्यासारख्या. खोलीत त्यांना कसली भीती वाटेनाशी झाली. जेवायच्या, झोपायच्या, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या. इंदूरचं नाव सौमित्रनं पुन्हा काढलं नाही.

फक्त एक झालं. जयूताईंनी आपली गादी पलंगाशेजारी खाली टाकली, तेव्हा माई म्हणाल्या, "अहो बाई, तुम्ही दिवसभर करता तेवढं पुष्कळ झालं. आता आपल्या घरी जा. तुमची माणसं वाट बघत असतील."

जयूताईंनी समजावून पाहिलं. माई अस्वस्थ झाल्या, जुना घाबरा आवाज परत यायला लागला. तेव्हा जयूताई उठल्या, "बरं, येते मी," म्हणाल्या आणि बाहेर आल्या. त्यानंतर रोज त्या तशाच निरोप घ्यायच्या, चपला वाजवत फाटकापर्यंत जायच्या आणि मग अनवाणी परत येऊन खोलीच्या दाराबाहेर खाटेवर झोपायच्या. थंडीत मी शाल नेऊन दिली तर म्हणाल्या, "हळू बोल. तिला वाटतं मी गेले."

माई माघात गेल्या, सकाळी, झोपेतच. जयूताई चहा घेऊन गेल्या, "येऊ का आत?" म्हणून नेहमीसारखं विचारलं, आणि उत्तर आलं नाही.

सौमित्र आला. सगळं करून झाल्यावर तो खोलीच्या भिंतीवर हात ठेवून उभा राहिला. "ताई, शेवटी तरी ओळखलं का गं तुला?"

"नाही," जयूताई म्हणाल्या. "पण जयूची आठवण रोज काढायची. शाळेतून उशीर का झाला म्हणून काळजी करायची." एवढं म्हणून त्या जमिनीवरच बसल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. सौमित्र त्यांच्याजवळ बसला. त्यानं ताईचं रडणं थांबवायचा प्रयत्न केला नाही.

परवा देवासहून एक बाई आल्या होत्या, मृणाल नावाच्या. त्यांचे वडीलही असेच विसरतात, घर सोडून निघून जातात. कुणाकडून तरी ऐकून त्या खोली बघायला आल्या होत्या. जयूताईंनी सगळं दाखवलं, जोड कुठे घ्यायचा, कड का फाडायची. मग म्हणाल्या, "खोली होते. ते शांतही होतील. पण तुम्ही बाहेर राहाल, हे आधीच सांगते. मला कुणी सांगितलं नव्हतं."

मृणालनी भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कॅनव्हास कुठून घेतलात?"

जयूताईंनी चपला घातल्या. "चला," म्हणाल्या, "मीच येते फ्रीगंजला तुमच्याबरोबर. तो दुकानदार पातळ माल गळ्यात मारतो."