न वाजलेली घंटा

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे साडेदहा झालेले आहेत. लांबट खोली, तीन टेबलं, वरच्या पांढऱ्या नळ्यांचा निर्दय उजेड. मधल्या टेबलावर औषधाचा एक पंप पोट फाडून ठेवलेला. त्याच्या पोटातून दोन बारीक तारा निघून शेजारच्या ऑसिलोस्कोपकडे, तारेतली वीज रेघांत दाखवणाऱ्या यंत्राकडे, गेल्या आहेत, आणि त्याच्या पडद्यावर दोन हिरव्या रेघा संथपणे सरकताहेत. समोर स्टुलावर बसलेली बाई पंचावन्नची, चष्मा कपाळावर, ओठ घट्ट मिटलेले. दाराशी एक उंच गृहस्थ कॉफीचा मग घेऊन उभे आहेत. ते बाईंचे थोरले दीर.

"अजून किती दिवस चालणार हा खेळ?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मान वळवली नाही. दिरांनी फुर्रकन एक घोट घेतला आणि ते निघून गेले.

कचेरीत बाईंना सगळे टाचणी म्हणत. टोचायची खरी, पण सुटे कागद तीच धरून ठेवायची. कंपनी दवाखान्यांसाठी औषधाचे पंप बनवायची, रोग्याच्या शिरेत थेंब मोजून सोडणारे. टाचणीचं काम त्या पंपांचे ड्रायव्हर लिहिण्याचं. सून कंपनीत ड्रायव्हरचं काम बघते असं सासूबाईंनी एकदा शेजारणीला सांगितलं, तर शेजारणीनं ट्रक की मोटार असं विचारलं होतं. टाचणीला ते फार आवडलं होतं. पुढे दोन वर्षं ती ट्रकच सांगायची.

हा ड्रायव्हर म्हणजे चिप आणि संगणक यांच्यामधला दुभाषी. औषध संपत आलं, नळीत हवा शिरली, असं काही झालं की चिप एका तारेवर घंटा वाजवते. त्या धंद्यात तिला इंटरप्ट म्हणतात. घंटा झाली की ड्रायव्हरनं असेल तिथून धावत मंचावर यायचं, निरोप घ्यायचा, घंटा बंद करायची आणि विंगेत परतायचं. पण चिपा माणसांनीच आखलेल्या. कुणी उगाच वाजते, कुणी दोनदा वाजते, कुणी निरोप तयार होण्याआधीच बोंब ठोकते. आणि चिप एकदा घडली की घडली, तिला खोडरबर चालत नाही. मग ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं सावरून घ्यायचं. मुख्य नट वाक्य विसरला की बाजूचा हलकेच ते आपल्या तोंडी घेतो आणि टाळ्या मुख्य नटालाच पडतात, तसंच हे. टाचणीनं बावीस वर्षं हेच केलं होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक चिपा दिरांच्या विभागाच्या होत्या. तिला कंपनीत त्यांनीच आणलं होतं. घरातल्या कुठल्याही जेवणात ही आठवण निघाल्याशिवाय पानं उचलली जात नसत.

मग एका दवाखान्यात पंप अडकला. औषध संपलं, पण पडद्यावर अर्धी बाटली शिल्लक दिसत राहिली. नर्सचं सहज लक्ष गेलं म्हणून म्हातारा रोगी वाचला. कंपनीनं एकशे चाळीस पंप परत मागवून गोदामात ठेवले आणि चौकशी बसली. पहिल्याच बैठकीत दिरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की माझी चिप आठ महिने तपासलेली आहे, ती वाजली, हिचा ड्रायव्हर बहिरा आहे. संचालकबाईंनी टाचणीला दहा दिवस दिले. दोष ड्रायव्हरचा ठरला तर तिला काम सोडावं लागणार होतं, आणि म्हाताऱ्याला मरणाच्या दारात नेणारी म्हणून तिचं नाव कागदावर राहणार होतं.

घरी दीर वरच्या मजल्यावर, टाचणी नि तिचा नवरा खाली. त्या दिवशी जिन्यात दिरांनी धाकट्या भावाला गाठलं आणि बायकोला माफीचं पत्र द्यायला सांग, पुढचं मी सांभाळून घेतो, असा निरोप दिला. नवऱ्यानं तो भीतभीत पोचवला. टाचणीनं ताट सारलं आणि एवढंच म्हणाली की त्यांनी आजवर सांभाळलं ते काय, हे मला एकदा यादी करून हवंय. त्यानंतर दोन्ही मजल्यांचं बोलणं बंद झालं. जावेनं खाली उतरताना तोंड फिरवायला सुरुवात केली आणि कपड्यांच्या दोरीचीही वाटणी झाली.

टाचणीनं मग या कामातला प्रत्येकजण आयुष्यात एकदा करतो ती चूक केली. प्रत्येक घंटेची नोंद व्हावी म्हणून तिनं ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली आणि पंप चालू ठेवला. तीन दिवस पंप एकदाही अडकला नाही. संचालकबाईंसमोर तो तासभर गुणी बाळासारखा चालला.

"बघा," दीर म्हणाले, "हिनं डोळे वटारले की चालतो. म्हणजे रोग पंपाला नाही, हिला आहे."

बैठक हसली. संचालकबाईसुद्धा हसल्या, आणि उरलेत चार दिवस, असं म्हणून उठल्या.

टाचणी मान खाली घालून कचेरीचा जिना उतरत होती. सातव्या पायरीवर ती थबकली. नोंद लिहायला वेळ लागतो. फार नाही, पापणी लवायला लागतो त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढा. ड्रायव्हर तेवढा रेंगाळत होता, आणि एरवी चोर शिरायचा ती फट नेमकी त्यानंच बुजत होती. तिनं चोर पकडायला त्याच्याच वाटेत खाट टाकली होती.

तिनं ती ओळ काढली. लिहिण्याऐवजी ड्रायव्हरनं नुसता एका तारेवर विजेचा इशारा द्यायचा, त्याला वेळ लागत नाही. पडद्यावर त्या तारेची एक रेघ, आणि चिपच्या घंटेच्या तारेची दुसरी. मग ती स्टुलावर बसून राहिली. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी, दीर कॉफी घेऊन येऊन गेल्यावर पन्नास मिनिटांनी, चोर सापडला. ड्रायव्हर आधीची घंटा बंद करत होता, त्याच क्षणी चिपकडे नवा निरोप आला. चिपच्या पोटातल्या पाटीवर तो नोंदलेला होता, पण घंटेची तार सपाट पडून राहिली. चिप समजत होती आपण बोलावलं. ड्रायव्हर समजत होता कुणी बोलावलं नाही. दोघंही आपापल्या जागी वाट बघत उभे, आणि पलंगावर म्हातारा.

तिनं ते चित्र छापून संचालकबाईंच्या टेबलावर ठेवलं. दिरांनी कागद उचलला. माणूस खडूस असला तरी कारागीर अस्सल होता. त्यांना एका नजरेत कळलं, आणि कळल्याचं चेहऱ्यावर दिसलंही. त्यांनी कागद घडी करून खिशात घालायचा प्रयत्न केला. टाचणीनं हात पुढे करून तो परत घेतला.

उपाय चार ओळींचा होता आणि तिनं तो लिहूनही आणला होता. घंटा बंद केली की लगेच विंगेत जायचं नाही, चिपची पाटी पुन्हा एकदा वाचून बघायची. शिवाय सेकंदात वीस वेळा, बोलावलेलं नसलं तरी, डोकावून जायचं. पण कंपनीचा एक नियम होता. अशा प्रत्येक उपायाच्या डोक्यावर दोषाचा क्रमांक लिहायचा, आणि तो क्रमांक कुठल्या वहीतला हे सांगायचं. ड्रायव्हरच्या दोषांची वही वेगळी, चिपच्या दोषांची वेगळी. क्रमांकाशिवाय पंप गोदामाबाहेर पडत नसत.

दीर म्हणाले ड्रायव्हरच्या वहीत टाका, सुधारणा म्हणून लिहू, कुणाला काही होणार नाही. संचालकबाईंना ते पटायला लागलं होतं. गिऱ्हाइकाला काय, पंप चालल्याशी मतलब. मग दीर खास घरातला सूर लावून बोलले.

"दवाखाने तुझ्या हट्टापायी खोळंबलेत. आणि संध्याकाळी त्याच जिन्यानं घरी जायचंय, हे लक्षात आहे ना?"

"जिना तुमचा नाही, सासूबाईंचा आहे," टाचणी म्हणाली. "पुढची चिप तुम्ही याच आराखड्यावरून काढणार. माझ्या मागून कुणीतरी शहाणा येईल, या चार ओळी फालतू म्हणून पुसेल. तेव्हा पलंगावर कोण असेल, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही."

संचालकबाईंनी उठून कपाटातून स्वतः चिपच्या दोषांची वही काढली आणि दिरांसमोर उघडून ठेवली. दिरांचे कान लाल झाले. त्यांनी दोन ओळी खरडल्या, कागद फाटेल इतक्या जोरात सही केली आणि वही टाचणीच्या अंगावर ढकलली.

"झालं समाधान? बावीस वर्षांपूर्वी तुला या दारातून आत घेतलं, त्याचं हे फळ."

टाचणीनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. दोन्ही ओळी वाचल्या. सही पाहिली. सहीशेजारचा रकाना मोकळा होता. तारीख नसली, तर उद्या कुणीही म्हणू शकलं असतं की म्हातारा वाचला त्यानंतर वर्षानं हा दोष निघाला, तेव्हाची चूक ड्रायव्हरचीच. तिनं वही सावकाश फिरवून त्यांच्यासमोर सरकवली, वर पेन ठेवलं.

"तारीख घाला, भाऊजी. आजचीच."