उत्तराने केलेलं भाषांतर

उत्तरा हसून चहा देते तेव्हा पाहुण्यांना वाटतं, किती गोड बाई. मी तिला वीस वर्षं ओळखते. ती गोड नाही. ती डूख धरते आणि ते लपवायच्या भानगडीतही पडत नाही.

त्सुकुबाच्या डोंगरामागे तिचं नि अंबरीषचं शेत आहे. वीज नाही, नेटवर्क नाही. हातपंपाचं पाणी, चुलीवरचं जेवण आणि छपरावर एक सोलर पॅनेल, तेही दोन दिव्यांपुरतं. टोकियोची माणसं सुट्टीला इथे येऊन राहतात आणि चक्क राबतात. ज्याला जेवायचं त्याने आधी मातीत हात घालायचे, हा घरचा नियम. कोंबड्या त्यांची मुलगी ईश्वरी बघते. हाक मराठीत मारली तरी ओ जपानीत देते. मी दर मार्चमध्ये बटाटे लावायला जाते.

पण शेती ही काही अंबरीषची हौस नव्हती. भूकंपाआधी तो कावासाकीत सॉफ्टवेअर इंजिनियर होता आणि जयप्रकाश त्याचा साहेब. ११ मार्च २०११ ला जमीन हादरली, अणुभट्टीच्या बातम्या यायला लागल्या आणि तिसऱ्या दिवशी जयप्रकाश बायकोला, रेखाला, घेऊन डोंबिवलीला पळाला. पळाला याबद्दल माझं काही म्हणणं नाही, जिवाची भीती सगळ्यांनाच होती. अंबरीष मात्र ऑफिसात एकटा राहिला. क्लायंटची औषधांच्या ऑर्डरची सिस्टिम त्याने बंद पडू दिली नाही. रोज रिपोर्ट पाठवला आणि त्याखाली इथल्या रिवाजाप्रमाणे स्वतःचं नाव न घालता ‘कावासाकी टीम’ असं लिहिलं. पंधरवड्याने साहेब परतले. क्लायंटच्या हिराओका-साननी विचारलं, तेव्हा इथे कोण होतं? साहेब म्हणाले, मी होतो; अंबरीष न सांगता निघून गेला.

त्या दिवसांत काम टाकून गेलेल्याकडे इथे कोणी वळून बघत नव्हतं. अंबरीषचं कॉन्ट्रॅक्ट गेलं, पुढे कुठेच दार उघडेना. त्याने हिराओका-सानना दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही, मग तो गप्प बसला. उत्तरा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

२०१८ च्या फेब्रुवारीत जयप्रकाशचं पत्र आलं. तुमचा पत्ता लागला, जुनी ओळख आहे, रेखाला शेत बघायचंय, दोन दिवस येतो. आपण काय केलं ते त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. उत्तराला सगळ्यात जास्त संताप आला तो याचा. तिने उलटटपाली कळवलं: दहा आणि अकरा मार्च, नक्की या. दुसरं पत्र गेलं निवृत्त हिराओका-सानना, नुसत्या शेताच्या नावाने, बटाट्यांच्या लावणीचं निमंत्रण. अंबरीषला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी तिला अडवलं नाही.

दहाला जयप्रकाश आणि रेखा आले, अकराला सकाळी हिराओका-सान. अंबरीषला पाहून त्यांनी मान जेमतेम हलवली. जयप्रकाशपुढे मात्र कमरेत वाकले. जयप्रकाशचा चेहरा उतरला होता, पण परतीची बस सोमवारी होती. तो निमूटपणे सरीत बटाटे टाकत राहिला.

दुपारी पावणेतीनला गावातल्या खांबावरचा भोंगा वाजला. दरवर्षी भूकंपाच्या वेळेला वाजतो. मातीच्या हातांनी आम्ही सगळे मिनिटभर स्तब्ध उभे राहिलो, मग आत येऊन चहाला बसलो. त्या दिवशी इथे जो तो विचारतो तेच उत्तराने जपानीत विचारलं: तेव्हा कोण कुठे होतं?

हिराओका-सान गोदामात होते. मग त्यांनी आदराने जयप्रकाशकडे पाहिलं.

“कावासाकीच्या ऑफिसात,” जयप्रकाश जपानीत म्हणाला. “टेबलाखाली झोपायचो.”

अंबरीष कपात बघत बसला. मला त्याचाही राग आला.

रेखाचं जपानी इतक्या वर्षांत कोम्बिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, काउंटरपलीकडे गेलेलं नव्हतं. ती सगळ्यांकडे बघून हसत होती. उत्तरा तिच्याकडे वळली.

“रेखाताई, तुम्ही कुठे होतात हो त्या दिवसांत?”

“आम्ही? अगं, तेराला विमानात. यांनीच धावपळ करून तिकिटं मिळवली. चौदाला डोंबिवलीत सासूबाईंच्या हातचा वरणभात खाल्ला तेव्हा कुठे जिवात जीव आला. हे पंधरा दिवस होते, मी जूनपर्यंत.”

“रेखा,” जयप्रकाश म्हणाला, पण फार उशिरा.

उत्तराने भाषांतर केलं. पाहुण्यांशी बोलायच्या सगळ्यात नम्र जपानीत, सावकाश, काही न गाळता. तारीख, विमान, डोंबिवली, वरणभातसुद्धा. तिला इतकं सुखात मी कधी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही गार वाटलं.

हिराओका-साननी कप खाली ठेवला. “मग ते रिपोर्ट कोणी पाठवले?” त्यांनी जयप्रकाशला विचारलं.

आवाज न चढवता त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

“अंबरीष-साननी,” जयप्रकाश म्हणाला.

सत्तरीचा तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि अंबरीषपुढे त्याने कपाळ चटईला टेकवलं. अंबरीष त्यांना उठवायला धावला. त्याला रडू आवरेना.

“वहिनी, सात वर्षं झाली त्याला,” जयप्रकाश हळूच मराठीत म्हणाला. “माफ करा आता.”

“नाही करणार,” उत्तरा म्हणाली.

रेखा घाबरून एकेकाकडे बघत होती. “उत्तरा, काय झालं? काय विचारलं त्यांनी?”

“ते तुम्हाला तुमचे यजमानच सांगतील,” उत्तरा म्हणाली आणि जयप्रकाशच्या समोर येऊन बसली. त्याने बायकोला ते सगळं मराठीत सांगेपर्यंत ती जागची हलली नाही.