गिरणीचा आवाज, आलेखाच्या कागदावर

बाबा गेल्यानंतर दीड महिन्याने मी आलेखाची वही घेऊन डहाणूच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि माझ्या पहिल्या मॉड्युलर सिंथेसायझरचा आराखडा काढायला लागलो. रडू आलं नव्हतं. ऑफिसला जात होतो, जेवत होतो, कोणी विचारलं तर ठीक आहे म्हणत होतो.

सिंथेसायझर म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं यंत्र, पण हा प्रकार पेटीसारखं तयार वाद्य नाही. एकेक काम करणारी छोटी मॉड्युलं घ्यायची, एका चौकटीत बसवायची आणि तारांनी जोडायची. कुठलं काम हवं ते आपण ठरवायचं. माझ्या चौकटीत पाचच मॉड्युलं मावणार होती.

मला एकच आवाज हवा होता, आमच्या भाताच्या गिरणीचा. तलासरीच्या पूर्वेला, गावाच्या टोकाला बाबांनी ती तीस वर्षं चालवली. तिच्यावर माझं शिक्षण झालं. घरातला पहिला पदवीधर मी. तिथला आवाज मी कधी रेकॉर्ड केला नाही. आता यंत्र विकलं गेलं होतं आणि खोलीत पेंढा भरला होता. दहावीला विज्ञानाच्या सरांनी ध्वनिलहरी इतक्या नीट शिकवल्या होत्या की तो आवाज पुन्हा बांधता येईल असं मला वाटत होतं. त्या सरांचे उपकार मी अजून मानतो.

मोटरच्या गुणगुणीसाठी सलग सूर काढणारे दोन ऑसिलेटर घेतले. कोंड्याच्या सळसळीसाठी नुसती खरखर देणारं नॉइज. आवाज जाड-पातळ करायला फिल्टर. पाचवा एको, कारण खोलीला पत्रा होता आणि आवाज घुमायचा.

बायको भाजी निवडत होती. कागदाकडे बघून म्हणाली, "कोणाची पत्रिका मांडताय?"

"यंत्राची."

"मंगळ आहे का बघा. आधीच घरात जागा नाही."

आई तेव्हा आमच्याकडेच राहायला आली होती. ती समोर येऊन बसली. मी तिला एकेक चौकोन समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आणि थांबणार कसं?"

"थांबणार नाही. बटण बंद करेपर्यंत वाजत राहील. गिरणीसारखं."

आवाज उघडायचं आणि मिटायचं एक मॉड्युल असतं, ते मला माहीत होतं. एकोला जागा हवी म्हणून मीच ते खोडलं होतं. गिरणी तर दिवसभर अखंड चालायची, मग ते कशाला?

"गिरणी कुठे सारखी चालायची?" आई म्हणाली. "मोटर चालायची. भरडणं थांबायचं. काठीने पट्टा ढकलायचा बाजूच्या मोकळ्या चाकावर. विसरलास?"

मी विसरलो होतो. दोन चाकं शेजारी शेजारी होती, एक यंत्राला जोडलेलं, एक नुसतं फिरणारं.

"गोणी बदलताना?" मी विचारलं.

"गोणी बदलताना. कोणी बोलायला आलं तर. तू शाळेतून आलास की." तिने शेपूची एक काडी उचलून बाजूला ठेवली. "तू दारातूनच मार्क सांगायचास. त्यांना ऐकू यायचं नाही. मग काठी घ्यायचे. तुझं बोलून झालं की पट्टा परत."

मला दार आठवलं. दप्तर आठवलं. पण आठवणीत गिरणी चालूच होती. इतकी वर्षं मी समजत होतो की त्या गोंगाटातूनही बाबांना माझं बोलणं ऐकू येतं.

छातीत काही हललं नाही. हललं असतं तर बरं झालं असतं.

"पत्र्याचं ते घुमणं काढलं तर चालेल?" मी आईला विचारलं.

"त्या पत्र्याने तर कान किटायचे. काढ."

मी खोडरबर घेतलं आणि एकोचा चौकोन पुसला. कागद तिथे थोडा खरवडला गेला. त्याच जागी मिटणाऱ्या मॉड्युलचा चौकोन काढला आणि पट्टीने मोजून पाहिला. बरोबर बसत होता. मग त्याची कळ चौकटीच्या उजव्या टोकाला येईल अशी जागा बदलून घेतली. बाबांची काठी यंत्राच्या त्याच बाजूला टेकवलेली असायची.